कामवाल्या ताईंचा कप, पगार आणि सुट्टी

जात, वर्ग आणि बाईपण या तिन्हींचा भार एकाच माणसावर कसा पडतो ते पाहायला लांब जावं लागत नाही. धुणीभांडी, केरफरशी आणि पोळ्या करायला आपल्या घरी रोज जी बाई येते, तिच्याकडे पाहिलं तरी पुरे. ऑफिसात किंवा कॉलेजात भेदभाव झाला तर निदान तक्रार करायला कुणीतरी असतं. घरात तसं कुणी नसतं. घराचे नियम कुठे लिहिलेले नसतात. आईकडून, सासूकडून ते न विचारता आपल्याकडे येतात आणि आपणही न विचारता पाळतो. म्हणून या लेखात समाजाविषयी सर्वसाधारण बोलणं टाळलं आहे. उद्या सकाळी दाराची बेल वाजेल तेव्हापासून आपल्याला काय बदलता येईल, एवढंच इथे मांडायचं आहे. माझा आग्रह एकच आहे: या नात्यातली एकही गोष्ट आपल्या चांगुलपणावर सोडू नका. पगार, सुट्टी, चहा, लिफ्ट, सगळं बोलून ठरवा आणि शक्य तेवढं कागदावर आणा.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. बहुतेक घरांत ओट्याच्या कोपऱ्यात किंवा ड्राय बाल्कनीच्या खिडकीत एक कप वेगळा ठेवलेला असतो. कान तुटलेला, नाहीतर जुन्या संचातला एकटाच उरलेला. तो सगळ्या भांड्यांबरोबर घासला जातो, पण मांडणीत सगळ्यांबरोबर लागत नाही. घासणारीही तीच आणि वेगळा ठेवणारीही तीच, कारण पहिल्याच दिवशी तिला ते न सांगता कळलेलं असतं. विचारलं तर कारण स्वच्छतेचं दिलं जातं. पण घरातलं प्रत्येक ताट, प्रत्येक वाटी तिच्याच हातून स्वच्छ होते. त्या हातांवर आपला एवढा विश्वास आहे, मग चहापुरता कप वेगळा का? या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर जातीपाशी जातं. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. तो गावचा हौद नव्हता, त्यांच्या स्वतःच्या घरचा होता. घराच्या आत काय चालतं हा आपला खासगी मामला आहे, असं त्यांनी मानलं नाही.

करायचं एवढंच: तो कप उचला आणि टाकून द्या. उद्यापासून मांडणीत हाताला येईल त्या कपात चहा द्या. त्याचा समारंभ करू नका, ‘आम्ही असलं काही मानत नाही’ हे तिला ऐकवू नका. बसायला खुर्ची आहे हे एकदा सांगा. वर्षानुवर्षांच्या सवयीने ती जमिनीवरच बसली तर हाताला धरून खुर्चीवर बसवू नका. तिला खरंच मुभा आहे हे पटलं की ती ठरवेल. शिळ्या अन्नाचंही तसंच. सकाळची भाजी संध्याकाळी आपण खाणार असू तर तिलाही विचारावी, ‘नको’ म्हणायची मोकळीक ठेवून. आपल्या घशाखाली उतरणार नाही ते तिच्या डब्यात घालू नये.

बाथरूमबद्दल मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण याचा परिणाम थेट शरीरावर होतो. सकाळी सातला घर सोडून पाच-सहा घरांची कामं उरकत दुपारी दोन-तीनला परतणाऱ्या कित्येक बायका मधल्या वेळात लघवीला जात नाहीत. जायला लागू नये म्हणून पाणीही पीत नाहीत. लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग, पोटदुखी ही दुखणी त्यातून मागे लागतात आणि पाळीच्या दिवसांत हाल आणखी वाढतात. ज्या घरातलं संडास-बाथरूम ती घासते, ते वापरायला ती घाबरते. पहिल्याच दिवशी ‘हे बाथरूम तुम्ही वापरा, साबण इथे आहे, पॅड टाकायला कागद इथे आहे’ हे घरातल्या बाईने स्पष्ट सांगावं. तिला विचारायला लावू नये, कारण ती विचारणार नाही. सोसायटीतल्या तळमजल्यावरच्या शौचालयाचीही एकदा स्वतः जाऊन पाहणी करा. आतून कडी लागते का, दिवा आहे का, पाणी येतं का, कचऱ्याचा डबा आहे का?

काम ठरवताना जातीची चौकशी कशी होते हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ‘आडनाव काय?’, ‘गाव कुठलं?’, ‘तुमच्यात काय काय खातात?’ फरशी-भांड्यांसाठी यातलं फारसं विचारलं जात नाही, पोळ्या-स्वयंपाकासाठी हमखास विचारलं जातं. त्यामुळे एकाच वस्तीतल्या दोन बायकांपैकी एकीला ओट्याजवळचं, जास्त पगाराचं काम मिळतं आणि दुसरीला मोरीजवळचं. सप्टेंबर २०१७ मध्ये पुण्यात एका उच्चशिक्षित महिलेने आपल्याकडे स्वयंपाक करणाऱ्या बाईविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. जात लपवून धार्मिक कार्याचा स्वयंपाक केला, असा तिचा आरोप होता. राज्यभर संताप उसळला आणि पुढे तक्रार मागे घेतली गेली. शिक्षणाने हे आपोआप जात नाही, एवढं त्यातून दिसलं. स्वयंपाकाला बाई ठेवताना कोणते पदार्थ येतात, किती वाजता येणं जमेल, तिखट-मीठ कसं लागतं, हे विचारा. ‘आमच्या घरात मांस-मच्छी शिजत नाही’ हे सांगायचा तुम्हाला हक्क आहे. तिच्या घरी काय शिजतं हे विचारायचा नाही.

हाक मारण्याबद्दलही ठरवायला हवं. पन्नाशीच्या बाईला घरातला सातवीतला मुलगा ‘ए, माझा शर्ट कुठे ठेवलास’ म्हणतो आणि कुणी त्याला अडवत नाही. शेजारच्या काकूंना तो असं म्हणणार नाही. मुलांनी ‘मावशी’ किंवा ‘ताई’ म्हणावं आणि ‘अहो’ लावून बोलावं, हा नियम घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून सांगा. तिच्यामागे बोलतानाही ‘ती बाई’, ‘आमची कामवाली’ ऐवजी तिचं नाव वापरा.

आता पगार. ‘आमच्या बिल्डिंगमध्ये हाच रेट आहे’ हे वाक्य आपण सहज वापरतो. हा रेट सगळ्या घरांनी मिळून ठरवलेला असतो आणि त्या बैठकीत ती कधीच नसते. एक साधा हिशोब करून पाहा. समजा, तुम्ही महिन्याला २,४०० रुपये देता आणि ती रोज दीड तास काम करते. तीस दिवसांचे ४५ तास झाले, म्हणजे तासाला साधारण ५३ रुपये. आता राज्य सरकारने तुमच्या परिमंडळासाठी जाहीर केलेलं अकुशल कामगाराचं मासिक किमान वेतन काढा. २६ दिवस आणि रोजचे ८ तास धरून त्याला २०८ ने भागा. जो आकडा येईल तो तासाचा किमान दर. तुमचा दर त्याहून कमी असेल तर याच महिन्यात वाढवा. कर्नाटकाने २००४ मध्येच घरकामाला किमान वेतनाच्या यादीत घेतलं, पुढे आणखी काही राज्यांनीही घेतलं. आपल्यावर सक्ती आहे की नाही हे पाहत बसू नका, आपल्या घरापुरतं ते लागू करा. आणि स्वयंपाक हे अकुशल काम नाही. पंधरा मिनिटांत वीस मऊ पोळ्या लाटून भाजून दाखवणारी बाई कुशल कामगारच आहे, तिचा दर त्या हिशोबाने असावा.

ज्या घरात ड्रायव्हर आहे तिथे आणखी एक तुलना करून पाहा. ड्रायव्हरला रात्री थांबवलं तर जादा पैसे ठरलेले असतात. पोळ्यांच्या ताईंना पाहुणे आले की ‘आज जरा दहा पोळ्या जास्त’ एवढंच सांगितलं जातं. त्याचं काम नोकरी धरलं जातं आणि तिचं बाईच्या जातीला येणारच असं काम, म्हणून ते फुकट वाढवता येतं. पाहुण्यांची भांडी, दिवाळीची साफसफाई, सत्यनारायणाच्या पूजेचा पसारा, या सगळ्याचे वेगळे पैसे आधी ठरवून त्याच दिवशी द्यावेत.

सुट्टीचा प्रश्न पगाराहून कठीण आहे, आणि तिथे दोन बायका एकमेकींसमोर उभ्या राहतात. ताई आली नाही की सिंकमधली भांडी घरातल्या सुनेच्या किंवा आईच्या वाट्याला जातात. ती आधीच ऑफिसला निघायच्या घाईत असते. म्हणून खाडा झाला की सगळ्यात जास्त चिडते तीच, पैसे कापायचं बोलतेही तीच. घरातले पुरुष ‘तुझी बाई आली नाही का?’ एवढं विचारून पेपरात डोकं घालतात. हे असंच राहिलं तर आठवड्याची सुट्टी कुठल्याच घरात टिकणार नाही. सुट्टीच्या दिवशी भांडी आणि केर पुरुषांकडे आणि मोठ्या मुलांकडे, हे आधी घरात ठरवा, मग ताईंना वार विचारा. पगाराचं बोलणं करतानाही घरातल्या पुरुषाने समोर बसावं. घरकाम हा बायकाबायकांचा मामला राहिला की त्याचं मोलही तेवढंच धरलं जातं.

आठवड्याला एक भरपगारी सुट्टी, आजारपण आणि गावच्या जत्रेसाठी वर्षाला काही दिवस, दिवाळीला एक पगार बोनस, ही कुणाच्या मनातली नवी कल्पना नाही. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली आणि रजा, बोनस, पगारवाढ या मागण्या घरोघरी पोचल्या. तेव्हाच्या पुण्यात ‘आता मोलकरणीही संप करणार?’ असं विचारणारे होतेच. आज ज्या घरांत दिवाळीचा बोनस न मागता दिला जातो, तिथे त्या बायकांची लढाई आहे. जुनी साडी म्हणजे बोनस नव्हे. आणि आपण पंधरा दिवस गावाला गेलो म्हणून पंधरा दिवसांचा पगार कापणं चुकीचं आहे. तिने आपली वेळ आपल्यासाठी राखून ठेवलेली असते, त्या वेळेत दुसरं काम धरलेलं नसतं.

हे सगळं एका साध्या कागदावर लिहा. काम कोणकोणतं, वेळ किती ते किती, पगार किती आणि कोणत्या तारखेला, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी, वर्षाच्या रजा किती, बोनस किती, पगारवाढ कोणत्या महिन्यात, आणि काम बंद करायचं असेल तर दोन्ही बाजूंनी एक महिना आधी सांगायचं. उचल दिली असेल तर दरमहा किती कापायची तेही लिहा आणि उचल फिटेपर्यंत काम सोडायचं नाही अशी अट घालू नका. तिला वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा, तिच्या मुलीला किंवा मुलाला वाचायला द्या, दोघांच्या सह्या करा आणि एक प्रत तिच्याकडे ठेवा. मोबाइलवर फोटो पाठवला तरी चालेल. ‘ती तर आमच्या घरच्यासारखी आहे, कागद कशाला?’ असं मनात येईल. घरच्या माणसाला आजारपणात पैसे कापले जातील याची धास्ती नसते. तिला असते, म्हणून कागद.

कागदाचं आणखी एक काम आहे. राज्यात २००८ चा महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आहे. १८ ते ६० या वयातल्या घरकामगारांची त्याखाली नोंदणी होते. अपघातात मदत, मुलांच्या शिक्षणाला साहाय्य, औषधोपचार, बाळंतपण, अंत्यविधी, असे लाभ कायद्यात आहेत. नोंदणीसाठी ती आपल्याकडे काम करते असा दाखला लागतो आणि तिथेच गाडी अडते. सही केली तर उद्या काही अंगावर येईल, या भीतीने सुशिक्षित घरंही ‘बघू’ म्हणतात. दाखल्यात फक्त ती तुमच्याकडे काम करते एवढंच लिहायचं असतं. सही करा. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात अर्ज कसा भरायचा हे समजावून घ्या, आधार आणि बँकेची कागदपत्रं जुळवायला तिला अर्धा दिवस भरपगारी सुट्टी द्या. त्याच सुमारास ई-श्रम पोर्टलवरही तिची नोंद करून टाका. ते ऑगस्ट २०२१ पासून सुरू आहे आणि मोबाइलवरून भरता येतं.

घराबाहेर पडलं की सोसायटी येते. ‘नोकर व डिलिव्हरीवाल्यांनी ही लिफ्ट वापरू नये’ अशी पाटी जिथे असेल तिथे सेक्रेटरीला लेखी पत्र द्या आणि पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत तो विषय घ्यायला सांगा. तोंडी बोललेलं हवेत विरतं, पत्राची नोंद राहते. सभेत गर्दीचं कारण दिलं जाईल. गर्दी असेल तर सामानाच्या ट्रॉलीला वेगळी लिफ्ट ठेवता येते, माणसांना वेगळी ठेवायचं कारण नाही. सही करणारे तीन-चार सभासद आधी जमवा, एकट्याने उभं राहिलं तर विषय लवकर बाजूला पडतो. गेटवरच्या ॲपमध्ये कामवाल्या बायकांना तारे दिले जातात, शेरे लिहिले जातात. त्या शेऱ्याचा जाब तिला कुठेच विचारता येत नाही. समोर बोलण्याची हिंमत नसेल ते तिथे लिहू नका.

चोरीचा संशय हा या नात्यातला सगळ्यात क्रूर प्रसंग. अंगठी दिसेनाशी झाली की पहिलं नाव तिचं येतं, कारण गरिबी म्हणजे चोरीचं कारण असं आपण धरून चालतो. आधी घर पूर्ण शोधा. घरातल्या सगळ्यांना विचारा, त्या आठवड्यात आलेल्या पाहुण्यांना आणि प्लंबरलाही आठवा. तिची पिशवी उघडू नका, वॉचमनला उघडायला लावू नका. सोसायटीच्या ऑफिसात बसवून ठेवणं म्हणजे बेकायदा डांबून ठेवणं, तो गुन्हा आहे. तक्रार करायचीच असेल तर वस्तू शेवटी कधी दिसली आणि घरात कोण कोण आलं होतं, एवढी माहिती पोलिसांना द्या. पोलिसांवरही बंधनं आहेत. बाईची अंगझडती बाईनेच, तिची अब्रू सांभाळून घ्यायची असते. साक्षीदार म्हणून विचारपूस करायची तर तिच्या राहत्या घरी जाऊन करायची असते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत करायची झाली तरी महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आगाऊ परवानगी लागते. हे तुमच्या मोलकरणीला माहीत नसेल. तुम्ही सांगा, तक्रारदार तुम्ही असलात तरीही. आणि अंगठी गादीखाली सापडली तर ज्यांच्यासमोर संशय घेतला त्या सगळ्यांसमोर माफी मागा.

पूर्ण वेळ घरात राहणाऱ्या मुलींबद्दल थोडक्यात. एजंटामार्फत झारखंड, आसाम, पश्चिम बंगालमधून मुली मुंबईत येतात. रंगावरून, नाकडोळ्यांवरून, बोलीवरून त्यांना नावं ठेवली जातात आणि इथे त्यांचं कुणीच नसतं. चौदा वर्षांखालच्या मुलीला कामाला ठेवणं गुन्हा आहे, असं मूल दिसलं तर १०९८ ला फोन करा. मोठ्या मुलीचं आधार कार्ड आणि मोबाइल तिच्याकडेच राहू द्या, पगार एजंटाला न देता तिच्या खात्यात भरा, तिला झोपायला आतून कडी लागणारी खोली द्या. आखातात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हे लागू आहे. तिथे फिलिपिनो, इथिओपियन, भारतीय अशा पासपोर्टप्रमाणे पगार ठरवले जातात. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ च्या कायद्याने घरकामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं बेकायदा आहे आणि आठवड्याची भरपगारी सुट्टी तिचा हक्क आहे.

शेवटचा भाग घरकाम करणाऱ्या ताईंसाठी आणि त्यांच्या शिकलेल्या मुलामुलींसाठी. जातीवरून शिवी दिली, अपमान केला तर तो कुठे झाला ते नीट लक्षात ठेवा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात ‘लोकांच्या दृष्टीस पडेल अशी जागा’ महत्त्वाची आहे. बंद घरात, बाहेरचं कुणी नसताना झालेला अपमान या कायद्यात बसवणं अवघड जातं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर स्पष्ट आहे. पण इमारतीचं गेट ही लोकांच्या दृष्टीस पडणारी जागा आहे, असं त्याच न्यायालयाने २००८ मध्ये दिल्लीच्या एका खटल्यात म्हटलं होतं. गेट, पार्किंग, जिना, लिफ्ट अशा ठिकाणी कोण कोण हजर होतं त्यांची नावं आणि वेळ त्याच दिवशी लिहून ठेवा. मदतीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६ आहे.

घरातल्या कुणी अंगचटीला आलं, अश्लील बोललं, मोबाइलवर घाणेरडं काही दाखवलं तर २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा तुम्हालाही लागू आहे. तुम्ही जिथे काम करता ते घर कायद्याने कामाचं ठिकाण आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची. तुमच्या तालुक्यातल्या किंवा वॉर्डातल्या समन्वय अधिकाऱ्याकडे दिली तर त्याने सात दिवसांत ती समितीकडे पाठवायची असते. प्रकरणात तथ्य दिसलं तर समितीने सात दिवसांत ते पोलिसांकडे द्यायचं असतं. तक्रार करायची मुदत तीन महिन्यांची आहे, योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. काम जाईल या भीतीने पहिले दोन महिने गप्प राहण्यात निघून जातात, म्हणून तारीख लक्षात ठेवा. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहायला समितीच्या अध्यक्षांनी किंवा सदस्याने मदत करायची, असं कायद्यातच आहे. वकिलासाठी पैसे नसले तरी अडत नाही. बाईला, तसंच अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.